कैदी, स्थानबद्ध आणि निर्वासित : महाराष्ट्रातील युद्धकालीन छावण्या

नायगाव, प्रतिनिधी : नांदेड जिल्ह्यातील जुन्या पिढीच्या बोलण्यात ‘कॅम्प’ हा शब्द आला की तो हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा असे. निजामी राजवटीविरुद्ध लढणाऱ्या तरुणांनी १९४७-४८ मध्ये संस्थानच्या सरहद्दीबाहेर, उमरखेडसारख्या ठिकाणी उभारलेल्या तळांना लोक याच नावाने ओळखत. नगर, पुरंदर व कोल्हापूर परिसरात मात्र या शब्दाला निराळा इतिहास आहे. परदेशांत भडकलेल्या युद्धांमुळे तेथे हजारो परकीय माणसे आणून ठेवण्यात आली होती. स्थानिक आठवणींत या सर्वांना सरसकट ‘युद्धकैदी’ म्हटले जाते. प्रत्यक्षात त्यांचे तीन वेगळे प्रकार होते.

तीन प्रकार

रणांगणावर पकडलेला शत्रुसैनिक तो युद्धकैदी. त्याला कसे वागवावे, याचे नियम १९२९ च्या जिनिव्हा करारात सविस्तर दिलेले होते. दुसरा प्रकार स्थानबद्ध नागरिकांचा. शत्रुराष्ट्राचे नागरिकत्व एवढ्याच कारणावरून व्यापारी, मिशनरी, डॉक्टर, तंत्रज्ञ यांना आरोप वा खटल्याविना अडकवून ठेवले जाई. तिसरा प्रकार निर्वासितांचा. त्यांना कोणी पकडले नव्हते. ते आश्रयास आले होते.

अहमदनगर : तीन युद्धांचा साक्षीदार

आज अहिल्यानगर नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शहराने तीन युद्धांतील बंदिवान पाहिले. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात (१८९९-१९०२) ब्रिटिशांनी सुमारे ९ हजार बोअर कैदी भारतात पाठविले. त्यांच्या छावण्यांपैकी एक नगरला होती. पहिल्या महायुद्धात, १९१४ पासून, भारतातील जर्मन व ऑस्ट्रियन पुरुषांना येथील लष्करी छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. स्त्रिया व मुलांची व्यवस्था बेळगावात होती. ‘गोलकोंडा’ या जहाजाने अनेक जर्मन मिशनरी कुटुंबांना मायदेशी रवाना करण्यात आले.

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच पुन्हा धरपकड झाली. नंगा पर्वताच्या मोहिमेवर आलेला ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिख हारर कराचीत पकडला गेला. नगर व देवळाली येथील छावण्यांतून त्याला पुढे डेहराडूनला नेण्यात आले. २९ एप्रिल १९४४ रोजी तेथून निसटून त्याने तिबेट गाठले. ‘सेव्हन इयर्स इन तिबेट’ हे त्याचे पुस्तक जगभर गाजले. त्या प्रवासाची एक पायरी नगर होती, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात राहिले नाही.

याच नगरच्या किल्ल्यात ऑगस्ट १९४२ मध्ये पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव आदी काँग्रेस नेत्यांना खटल्याविना बंदिस्त करण्यात आले. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ येथेच १९४४ मध्ये लिहिला. मौलाना आझाद यांच्या ‘गुबार-ए-खातिर’मधील पत्रेही येथलीच. शहराच्या सार्वजनिक स्मृतीत नेत्यांच्या कोठडीला स्थान मिळाले. परकीय बंदिवानांची आठवण मात्र मागे पडली.

पुरंदर व सातारा

पुरंदर किल्ल्यावर ब्रिटिश लष्कराचे आरोग्यधाम होते. दुसऱ्या महायुद्धात तेथे, तसेच साताऱ्यात, कुटुंबांसह राहणाऱ्या स्थानबद्धांची सोय करण्यात आली. फिरण्याची मर्यादित मोकळीक असलेल्या या वसाहती होत्या. हिटलरच्या छळामुळे जर्मनी व ऑस्ट्रिया सोडून आलेल्या ज्यूंनाही ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ ठरविण्यात आले, ही यातील सर्वांत क्लेशकारक बाब होय. ज्यांच्या भीतीने देश सोडला, त्यांच्याच समर्थकांबरोबर काहींना दिवस काढावे लागले. चौकशीनंतर अनेकांची सुटका झाली. पण १९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव झाल्यावर काहींना पुन्हा ताब्यात घेण्यात आले.

वळिवडे : छावणीचे उपनगर

कोल्हापूरजवळील वळिवडे येथील छावणी सर्वांत परिचित. पण ती कैद्यांची नव्हती. १९४० पासून सोव्हिएत सत्तेने पोलिश कुटुंबांना सायबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केले होते. १९४१ च्या करारानंतर सुटलेली ही माणसे इराणमार्गे भारतात पोहोचली. जामनगरजवळ बालाचडी येथे महाराजा दिग्विजयसिंहजी यांनी पोलिश मुलांना आश्रय दिला, तर वळिवड्यात १९४३ पासून सुमारे ५ हजार पोलिश नागरिकांची वसाहत उभी राहिली. त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक होती. बराकी, शाळा, चर्च, दवाखाना, दुकाने असे लहानसे गावच तेथे वसले.

१९४८ पर्यंत ही वसाहत रिकामी झाली. पाठोपाठ फाळणीत घरदार गमावलेली सिंधी कुटुंबे त्याच बराकींत आली. आज कापडाच्या घाऊक बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेले गांधीनगर ते हेच. एका विस्थापित समाजाने सोडलेल्या छपराखाली दुसऱ्याने संसार मांडला, असे उदाहरण विरळाच.

कोल्हापुरातील महावीर उद्यानात या वसाहतीचे स्मारक आहे आणि शहरात पोलिश नागरिकांच्या कबरीही आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी वॉर्सामधील वळिवडे-कोल्हापूर छावणीच्या स्मारकास अभिवादन केले.

नोंदींची निकड

वळिवड्याची आठवण टिकली, कारण तेथे वाढलेली मुले पुढे अनेकदा कोल्हापूरला परत आली व स्मारके उभी राहिली. नगर वा पुरंदरच्या स्थानबद्धांच्या बाबतीत तसे घडले नाही. बहुतेकांना १९४६ मध्ये युरोपास परत पाठविण्यात आले. त्या काळी त्यांना दूध, भाजी पुरविणारी, त्यांचे कपडे धुणारी पिढी आता जवळपास उरलेली नाही. तिने मुला-नातवंडांना सांगितलेल्या गोष्टी नोंदविताना समोरचा माणूस कैदी होता, स्थानबद्ध होता की निर्वासित, हे प्रथम विचारावयास हवे. अन्यथा आश्रयास आलेला मुलगाही इतिहासात शत्रुसैनिक म्हणून नोंदला जाईल.