मिथेन-ऑक्सिडीकारक विकर आणि परका यजमान : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
शंभर वर्षांच्या कालावधीचा विचार करता मिथेनची तापमानवाढीची क्षमता तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट मानली जाते. मिथेनपासून मिथेनॉल बनविण्यासाठी उद्योगात उच्च तापमान व दाब लागतो. मिथेनवर जगणारे जीवाणू मात्र हेच कार्य मिथेन मोनोऑक्सिजनेज या विकराच्या साहाय्याने सामान्य परिस्थितीत करतात. हे विकर सुलभतेने वाढणाऱ्या परक्या जीवाणूत निर्माण करण्याच्या प्रयत्नांचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पूर्वपीठिका :
१९०६ साली नेदरलँड्समध्ये सोंगेन यांनी मिथेनवर वाढणारा जीवाणू वेगळा केला. १९७० मध्ये व्हिटनबरी व सहकाऱ्यांनी असे शंभराहून अधिक जीवाणू मिळविले. पुढे या विकराची दोन रूपे स्पष्ट झाली : लोहयुक्त विद्राव्य रूप आणि पेशीपटलातील ताम्रयुक्त रूप. विद्राव्य रूपाचे हायड्रॉक्सिलेज, रिडक्टेज व नियामक प्रथिन असे तीन घटक आहेत.

परक्या यजमानातील प्रयोग :
जनुक हाती आले की विकरही हाती येईल, ही अपेक्षा फोल ठरली. १९९२ मध्ये रिडक्टेज व नियामक प्रथिन ई. कोलाय या जीवाणूत कार्यक्षम स्वरूपात मिळाले. परंतु मिथेनवर प्रत्यक्ष क्रिया करणारे हायड्रॉक्सिलेज मिळाले नाही. अडचणीचे एक कारण २००३ मधील संशोधनातून सूचित झाले. विकराच्या जनुकांलगतच, प्रथिनांची घडी घालण्यास साहाय्य करणाऱ्या प्रथिनाशी साम्य असलेले 'एमएमओजी' हे जनुक आढळले व ते विकरनिर्मितीस आवश्यक ठरले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मिथायलोमोनास मिथॅनिका या जीवाणूचे विद्राव्य विकर ई. कोलायमध्ये कार्यक्षम स्वरूपात निर्माण झाले. त्यातही 'ग्रो-ईएस' व 'ग्रो-ईएल' या साहाय्यक प्रथिनांची भूमिका निर्णायक ठरली.

निष्कर्ष :
तीन दशकांचा हा विलंब केवळ तांत्रिक नव्हता. जनुकालाच सर्वस्व मानणाऱ्या दृष्टीची मर्यादा त्यातून उघड झाली. जनुक हा आराखडा होय. त्यानुसार प्रथिनाची योग्य घडी पडणे व त्यात लोह सामावणे हे पेशीतील परिसरावर अवलंबून असते. शिवाय विद्राव्य विकर मिथेनच्या प्रत्येक रेणूमागे एनएडीएचचा एक रेणू खर्च करते. तो पुरविण्याचा भार यजमानावर पडतो. म्हणूनच विकर मिळणे हा प्रवासाचा शेवट नसून, ते पोसू शकणारा यजमान घडविणे हे पुढील कार्य आहे.