तटस्थतेची किंमत कोण मोजतो? वऱ्हाडचा धडा

युक्रेनच्या युद्धानंतर लहान देशांपुढे जुनाच प्रश्न नव्याने उभा राहिला आहे: लष्करी गटात जावे की तटस्थ राहावे? फिनलंड २०२३ मध्ये आणि स्वीडन २०२४ मध्ये 'नाटो'त गेले. एक बाजू म्हणते, बलाढ्याचा हात धरा. दुसरी म्हणते, कुणाच्याच भानगडीत पडू नका. आम्हा पातूरकरांना उत्तरासाठी युरोपात जायची गरज नाही. आपल्या वऱ्हाडाचा इतिहास पुरेसा आहे.

मराठे आणि टिपू यांच्या धास्तीने निजामाने १७९८ मध्ये कंपनीची तैनाती फौज स्वीकारली. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आपल्याच अकोला जिल्ह्यातील अडगावला वेलस्लीने भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाच्या पदरात पडला. संरक्षण मिळाले, वर मुलूखही मिळाला! पण पुढे 'हैदराबाद कंटिन्जंट' नावाची वेगळी फौज उभी राहिली. पगार निजामाचा, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. पगार थकला, कर्ज वाढले आणि १८५३ मध्ये डलहौसीने त्या खर्चापोटी वऱ्हाडच ताब्यात घेतला. १९०२ मध्ये कर्झनने तो वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा पट्ट्याने घेतला. फौज राजाने मागवली. तिचा खर्च मात्र पातूर-बाळापूरच्या रानात राबणाऱ्यांच्या घामातून निघाला. त्यांना ना करार करताना कुणी विचारले, ना प्रांत देताना.

मग तटस्थता बरी का? नुसत्या कागदावरची तटस्थताही टिकत नाही. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ मध्ये मोठ्या राष्ट्रांनी दिली होती. १९१४ मध्ये जर्मन फौजा त्याच बेल्जियममधून फ्रान्सवर चालून गेल्या. स्वित्झर्लंड टिकला, कारण डोंगरांच्या जोडीला तिथे नागरिकांचेच सैन्य आहे.

बाबासाहेब तटस्थतेचे भाबडे भक्त नव्हते. १० ऑक्टोबर १९५१ च्या राजीनाम्याच्या निवेदनात त्यांनी हिशोबच मांडला: वर्षाच्या ३५० कोटी रुपयांच्या महसुलातले सुमारे १८० कोटी सैन्यावर जातात, कारण अडचणीत धावून येईल असा मित्र आपल्याला उरलेला नाही. भारत लहान देश नाही, पण हा हिशोब लहान देशाला अधिकच लागू पडतो. सैन्यावर गेलेला पैसा शाळेचा आणि दवाखान्याचा असतो. म्हणून परराष्ट्र धोरण हा आमच्या वस्तीचाही प्रश्न आहे.

आणि तथागत काय सांगतात? अजातशत्रूला वज्जींचे गणराज्य जिंकायचे होते. त्याचा मंत्री वस्सकार आला तेव्हा तथागतांनी वज्जींचे हत्ती-घोडे मोजले नाहीत. वज्जी वारंवार एकत्र जमतात का, एकविचाराने निर्णय घेतात का, हे त्यांनी आनंदाला विचारले. पुढे फूट पाडूनच वज्जी जिंकले गेले, असे पाली परंपरा सांगते.

आमचे मत स्पष्ट आहे. लहान देशाने तटस्थ जरूर राहावे, पण सैन्य स्वतःचे असावे, मित्र जोडलेले असावेत आणि खर्चाचा हिशोब लोकांसमोर मांडलेला असावा. परक्या फौजेच्या भरवशावर मिळालेली सुरक्षितता ही गहाणवट आहे. आणि जो देश आपल्याच माणसांना गावकुसाबाहेर ठेवतो, त्याला ना तटस्थता वाचवू शकते, ना कुठला करार. निजामाच्या राज्यात राज्य वाचवावे असे वाटणारी रयतच नव्हती. आपल्या देशात ती आहे का, हे प्रत्येक राज्यकर्त्याने आधी तपासावे.

जयभीम!