दुसरीच्या नावाची घागर

आजीच्या हिशेबात रुपये दोन तऱ्हेचे. निजामाचा हाली आणि इंग्रजांचा कलदार. आमचं आखाडा बाळापूर तेव्हा हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात. हिंगोली जिल्हा तर 1999 साली झाला. पोलीस ॲक्शननंतर 7 हालीला 6 कलदार असा भाव ठरला आणि 1959 ला हाली कायमचा गेला. आजीच्या तोंडातून मात्र गेला नाही. पाटल्या केवढ्याला विकल्या, असं विचारलं की ती आधी हालीत सांगायची, मग बोटांवर कलदार करायची, आणि आकडा दर वेळी वेगळा निघायचा.

पाटल्या गेल्या बैलापायी, असं ती म्हणे. थोरले काका म्हणत, बैल कुठला, आत्याच्या लग्नाचं कर्ज होतं. मला वाटतं, दोन्ही एकाच रोख्यात चढलं असावं. पेरणीला सावकाराची ज्वारी आणायची, सुगीला सवाईनं फेडायची. पाऊस चुकला की सवाईची दिढी व्हायची.

विकण्यालाही क्रम होता. आधी पुतळ्यांची माळ, मग पाटल्या, मग दंडातल्या वाक्या, मग पायातले तोडे. बैल आणि तिफनीला हात लावायचा नाही. "बैल गेल्यावर पेरावं कशानं? सोन्याचं काय बापा, सुगी झाली की येतंय." आलं कधीच नाही. तिचं म्हणणं मला पटतं. फक्त आजोबांचा चांदीचा करगोटा आणि पानाचा डबा त्या क्रमात कसे आले नाहीत, हे कोणी सांगत नाही.

बहात्तरच्या दुष्काळात भांड्यांची पाळी आली. मोठी माणसं खडी फोडायला, लेकरांना सुकडी, रेशनला लाल मिलो. मिलोची भाकर तव्यावर टाकेपर्यंत मोडायची. अंबाडीची भाजी तरी असली तर घशाखाली उतरायची, असं आत्या सांगते. उतरंडीवरचं घंगाळ, परात, हंडा मोडीत गेले. मोडीत फक्त वजन. घडणावळीचा पैसा नाही, आणि माहेरानं हौसेनं कोरून दिलेल्या नावाचा तर नाहीच.

पुढे 2008 ला कर्जमाफी झाली, 2017 ला झाली. तरी 2023 च्या नोव्हेंबरात आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावच्या शेतकऱ्यांनी कर्ज फेडायला स्वतःचे अवयव विकायला काढले. आजीच्या क्रमात ही पायरी नव्हती.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर एका बऱ्या साली आजोबांनी तांब्याची जुनी घागर आणली. तिच्यावर कुण्या परक्या बाईचं नाव. आजीला अक्षरओळख नव्हती. तिनं काकांकडून ते वाचून घेतलं आणि मग घरात सगळे त्या घागरीला बाईच्या नावानंच हाका मारू लागले. चिंच लावून घासताना नावाच्या खाचाही उजळायच्या. काकू एकदा म्हणाली, कासाराकडून नाव घासून घेऊ. आजी म्हणाली, "राहू दे. आपली परात बी कुणाच्या तरी घरी असंल."

आत्याला तर सवयच लागली. लग्नाकार्यात कुणाकडे पितळी परात दिसली की ती हळूच कड वाचायची. आता केटररची स्टीलची भांडी येतात. तीही वाचते; त्यांच्यावर केटररचं नाव असतं.