पाणबुड्याची सुरी

पुणे जिल्ह्यातील आळे हे गाव समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पूर्वेस वसलेले आहे. तेथील शेतकऱ्याच्या घरी एकच हत्यार सर्व कामांना पुरत नाही. गवत कापावयास विळा, ऊस तोडावयास कोयता आणि भाजी चिरावयास विळी. काम पाहून पाते निवडावे, हा विवेक त्या भूमीत फार पुरातन आहे. याच परिसरात कुकडीच्या काठी बोरी येथे अश्मयुगीन मानवाच्या दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या असून, तेथेच सुमात्रा बेटावरील तोबा ज्वालामुखीची राखही आढळली आहे. ही राख सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची की सहा लाख वर्षांहूनही जुनी, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. कालनिर्णय काहीही होवो. नदीकाठच्या त्या माणसालाही हातातील पाते कामास जुळणारेच हवे होते, हे उघड आहे.

काठावरचे हे पाते पाण्याखाली गेले म्हणजे त्याच विवेकाची कसोटी अधिक कठोर होते. दुसऱ्या शतकातील ग्रीक कवी ओपियन याने समुद्रतळाचे स्पंज कापणाऱ्या पाणबुड्याचे वर्णन केले आहे. त्याच्या कमरेस लांब दोर, एका हाती तळाशी नेणारे जड शिसे आणि दुसऱ्या हाती धारदार विळा. म्हणजे पाणबुड्याचे हे जुने पाते कापणीचे होते, लढाईचे नव्हे.

एकोणिसाव्या शतकात लंडनच्या ऑगस्टस सीबे याने धातूचे शिरस्त्राण व त्यास जोडलेला बंद पोशाख तयार केला. वरून नळीने हवा मिळू लागली. परंतु नळी आणि दोर यांनी पाणबुड्या जहाजाशी जखडला गेला. बुडालेल्या गलबताच्या दोरखंडांत तो अडकला तर सुटकेचे साधन एकच, कमरेची सुरी. ती निसटून तळाशी पडू नये म्हणून पितळी म्यानास आटे पाडून मूठ त्यात फिरवून बसवीत. येथे सुरीची भूमिका पालटली. पूर्वी ती उपजीविकेचे साधन होती. आता ती प्राणरक्षणाचे साधन झाली.

पुढे १९४३ साली फ्रान्समध्ये कुस्तो व गान्यां यांनी पाठीवरील नळकांड्यातून श्वासाबरोबर हवा देणारे यंत्र सिद्ध केले. पाणबुड्या नळीच्या बंधनातून मुक्त झाला, आणि याच काळात त्याची सुरी मार्गभ्रष्ट झाली. पोटरीस बांधलेला लांब, टोकदार खंजीर हे शौर्याचे भूषण ठरले. १९६५ सालच्या ‘थंडरबॉल’ या चित्रपटात तर पाण्याखाली सुऱ्यांची झुंजच दाखविली आहे. वस्तुतः पाणबुड्याचा नित्याचा शत्रू शार्क मासा नसून दोरा आहे.

हा शत्रूही बदलला आहे. तागाचे व सुताचे जाळे पाण्यात कुजत असे. नायलॉनचे जाळे वर्षानुवर्षे टिकते आणि त्याचा बारीक तंतू पाण्यात दिसतही नाही. मालवणच्या किनाऱ्यावर मासेमारी हा पूर्वापार व्यवसाय आहे. १९८७ साली तेथे सागरी अभयारण्य जाहीर झाले, आणि आता मालवण-तारकर्लीस पर्यटकही पाण्याखाली उतरतात. अशा समुद्रात खडकास गुंतून राहिलेले बेवारशी जाळे हा खरा धोका होय. ते पुष्कळदा डोक्यामागील नळकांड्याच्या तोंडाशी अडकते, जेथे स्वतःचा हात पोचत नाही. पाठीवरची हवा मोजकी असते. धडपड करावी तो ती अधिकच वेगाने संपते.

सुरीची निवड या धोक्यावरून करावी. पाते तीन-चार इंचांचे पुरे. टोक बोथट असावे. नाहीतर घाईत स्वतःस किंवा सोबत्यास इजा व्हावयाची. जाड दोरासाठी एक बाजू दातेरी, बारीक तंतूसाठी दुसरी गुळगुळीत, आणि दोरी ओढून कापता यावी म्हणून पात्यास एक खाच असली म्हणजे उत्तम. न गंजणारे पोलाद शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्ली याने १९१३ साली निर्माण केले. तथापि समुद्राच्या खाऱ्या पाण्यापुढे तेही सर्वस्वी अभेद्य नाही. साधारणतः जे पोलाद धार अधिक धरते ते लवकर गंजते, आणि जे गंजत नाही ते लवकर बोथटते. टायटॅनियम हलके असून गंजत नाही, पण महाग पडते. पोलाद घेतल्यास प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, तेलाचा हात लावावा.

सुरी छातीपाशी, दोन्ही हातांस सापडेल अशी बांधावी. पोटरीच जाळ्यात गुंतली तर तेथली सुरी काय कामाची? जोडीस एक मजबूत कात्री ठेवणे शहाणपणाचे. प्रथमच उतरणाऱ्याने मात्र सुरीचा मोह धरू नये. ती मार्गदर्शकापाशी असणेच इष्ट.

ओपियनच्या विळ्यापासून आजच्या आखूड, बोथट पात्यापर्यंतचा हा प्रवास वरवर अधोगतीचा भासेल. परंतु संकटाचे खरे स्वरूप जसजसे कळत गेले, तसतसे पाते लहान व सौम्य होत गेले. ते विकत घेणाऱ्याने आरशासमोर मिरवून पाहण्यापेक्षा, काठावर उभे राहून डोळे मिटावेत आणि आधी उजव्या, मग डाव्या हाताने ते म्यानातून काढून पाहावे.