यंत्रांचा शेजार

नव्या बिऱ्हाडीं राहावयास आलेला मनुष्य प्रथम शेजाऱ्याचें नांव विचारतो व आपलें सांगतो. संगणकांच्या जाळ्यांत ही साधी रीत सर्वमान्य होण्यास मात्र बत्तीस वर्षें लागलीं.

ता. २२ मे १९७३ रोजीं रॉबर्ट मेटकाफ यांनीं झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रांत एक टिपण लिहिलें. त्यांतून ‘ईथरनेट’ जन्मास आलें. आरंभीं सारे संगणक एकाच तारेस जोडलेले असत. एकानें बोलावें तें सर्वांच्या कानीं पडे; दोघे एकदम बोलले कीं दोघांचेंहि बोलणें वायां जाई. मंडळी वाढली तसा गलबलाहि वाढला.

यावरील उपाय डिजिटल इक्विपमेंट कंपनींतील मार्क केम्फ यांनीं १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत शोधला. त्यांचा ‘ब्रिज’, म्हणजे पूल, दोन तारांच्यामध्यें बसे आणि प्रत्येक संदेशावरील पाठविणाराचा पत्ता टिपून ठेवी. कोण कोणत्या बाजूस राहतो, हें तो कोणासहि न विचारतां, केवळ ऐकून शिके. ज्याचा ठावठिकाणा माहीत नसेल, त्याचा संदेश तो पलीकडे जाऊं देई. जो दीर्घकाळ मौन धरी, त्याची नोंद पुसून टाकी.

परंतु दोन ठिकाणांमध्यें दोन वाटा असल्या, कीं तोच संदेश वर्तुळांत फिरत राही आणि जाळें गुदमरून जाई. त्याच कंपनींतील रेडिया पर्लमन यांनीं १९८५ सालीं तोड प्रसिद्ध केली. पुलांनीं आपसांत लहान लहान संदेश देऊन एकास मूळ मानावें व जादा वाटा मिटून घ्याव्या. म्हणजे वर्तुळाचा वृक्ष होतो. १९९० सालीं ‘आय-ट्रिपल-ई’ या अभियंत्यांच्या संस्थेनें ही पद्धति प्रमाण मानली. त्याच सुमारास कॅलिफोर्नियांतील ‘कल्पना’ नांवाच्या कंपनीनें अनेक दारांचा पूल बाजारांत आणला. त्यासच पुढें ‘स्विच’ हें नांव रूढ झालें.

तरीहि मोठी उणीव उरली. स्विचला पत्ते कळत; पण अमुक दारापलीकडचें यंत्र कोणतें, त्याच्या कोणत्या दारांत ही तार शिरते, हें जाळ्याच्या रखवालदारास कळत नसे. तो हातानें तार चाचपीत जाई. अज्ञानाची किंमत मोठी असते. नोव्हेंबर २००२ मध्यें बोस्टन येथील बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयाचें जाळें, वर्षानुवर्षें तुकड्यातुकड्यांनीं वाढून त्या वृक्षाच्या हिशेबाबाहेर गेलेलें, कित्येक दिवस कोलमडलें. डॉक्टरांना पुन्हां कागद हातीं धरावा लागला.

सिस्को कंपनीनें १९९४ सालीं आपल्या यंत्रांस शेजाऱ्याला ओळख देण्यास शिकविलें होतें. पण ती त्या घराण्याचीच बोली होती. सर्वांची समाईक बोली २००५ सालीं ‘एल-एल-डी-पी’ या नांवानें ठरली. तिच्या रूढ प्रघाताप्रमाणें स्विच दर ३० सेकंदांनीं प्रत्येक दारांतून आपली ओळख, त्या दाराची खूण आणि ही माहिती किती वेळ खरी मानावी, तें सांगतो. ही मुदत बहुधा १२० सेकंदांची असते. उत्तराची अपेक्षा नसते. शेजारी तें लिहून ठेवतो, पुढें धाडीत नाहीं. बोलणें थांबलें, कीं मुदतीअंतीं नोंद आपोआप मिटते. अशा नोंदी गोळा केल्या, कीं रखवालदारास बसल्या जागीं जाळ्याचा नकाशा काढतां येतो. २००६ सालच्या पुरवणीनें तर टेलिफोन-यंत्रास आपण कोणत्या ठिकाणीं आहों, हेंहि स्विचकडून कळूं लागलें. संकटसमयीं मदत कोठें धाडावी, हें त्यावरून ठरवितां येतें.

मात्र हें बोलणें दाराशीं येणाऱ्या कोणासहि ऐकूं येतें, आणि बोलणारा खरा कीं तोतया, याची पारख या रीतींत नाहीं. फेब्रुवारी २०२० मध्यें संशोधकांनीं सिस्कोच्या जुन्या बोलीच्या हाताळणींतील पांच दोष उघड केले. त्यांच्या आधारें लगतच्या तारेवर बसलेल्या शत्रूस यंत्र काबीज करतां येत होतें. म्हणून जाणता रखवालदार आपल्या यंत्रांमधील दारें बोलतीं ठेवतो आणि परक्यांकडे उघडणारीं दारें मुकीं करतो.