जाड अक्षरांतील मोकळी जागा

‘छत्रपती संभाजीनगर’ हें नांव औरंगाबाद शहरास २०२३ सालीं अधिकृतपणें मिळालें. तें पाटीवर ठळक अक्षरांत लिहूं पाहणाऱ्यास देवनागरीची एक जुनी अडचण तत्काळ भेटते. छ चें वेटोळें, त्र च्या तिरप्या रेघा आणि भ ची गांठ यांच्या आंत थोडी मोकळी जागा असते. रेघ जाड होत गेली कीं ती जागा बुजते, आणि लांबून पाहणाऱ्यास अक्षराऐवजीं काळा ठिपका दिसतो. अक्षराची ओळख जितकी रेघेनें, तितकीच या मोकळ्या जागेनें पटते.

रोमन लिपीस ही अडचण कमी. तेथें प्रत्येक अक्षर सुटें उभें असतें. त्याच्या टोकांवर बारीक आडव्या रेघा काढण्याची रीत प्राचीन. १८१६ च्या सुमारास लंडनच्या विल्यम कॅस्लन (चौथे) यांनीं त्या रेघा गाळलेले खिळे नमुन्यादाखल छापले. पुढें १९२७ सालीं जर्मनींत पॉल रेनर यांनीं वर्तुळ व सरळ रेषा यांच्या आधारें आंखलेलें ‘फ्युचुरा’ हें वळण प्रसिद्ध झालें. १९६९ सालीं अपोलो ११ च्या यात्रिकांनीं चंद्रावर ठेवलेल्या फलकावरील मजकूर याच वळणांत आहे.

देवनागरीचा वारसा निराळा. तिरप्या कापलेल्या बोरूनें लिहितांना रेघ कोठें जाड, कोठें बारीक उमटते. मुंबईंत जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्यासाठीं राणोजी रावजी आरू यांनीं एकोणिसाव्या शतकांत कोरलेल्या ठशांत हेंच वळण धातूंत उतरलें. शिवाय शिरोरेषेवर मात्रा, खालीं उकार आणि मध्यें जोडाक्षरें अशी दाटी. अशा लिपीस कंपासाच्या मापाची, सर्वत्र सारखी रेघ लावावी तर वळणही जातें आणि वाचनही अडतें, असा आक्षेप स्वाभाविक होता.

या आक्षेपास एक विचारपूर्वक उत्तर २०१४ सालीं मिळालें. इंडियन टाइप फाउंड्रीनें ‘पॉपिन्स’ हा भौमितिक अक्षरसंच प्रसिद्ध केला. त्यांतील देवनागरी निनाद काळे यांची, रोमन जॉनी पिनहॉर्न यांची. रेघेची जाडी येथें जवळजवळ सारखी आहे. परंतु जेथें दोन रेघा मिळतात, तेथें ती डोळ्याच्या अंदाजानें बेताची केली आहे, म्हणून सांध्यांत शाई साचल्यासारखी दिसत नाहीं. जाडीचे प्रकार नऊ. प्रत्येकांत जोडाक्षरांसह हजाराहून अधिक आकृति. संच विनामूल्य असल्यामुळें संकेतस्थळांवर त्याचा मोठा प्रसार झाला. विशेष हें कीं, त्यांत रोमन मोठीं अक्षरें देवनागरीहून ठेंगणीं ठेविलीं आहेत. शेजारीं बसलेली मराठी त्यांच्यापुढें दबून जात नाहीं.

हा प्रश्न आज केवळ कलेचा राहिलेला नाहीं. महाराष्ट्रांत २०२२ सालीं दुकानें व आस्थापनांच्या कायद्यांत दुरुस्ती होऊन, पाटीवरील मराठी अक्षर अन्य लिपींतील अक्षराहून लहान असूं नये, असें ठरलें. २०२३ च्या सप्टेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें व्यापाऱ्यांस त्यासाठीं दोन महिन्यांची मुदत दिली. कायद्याच्या पट्टीनें अक्षराची उंची मोजतां येते, सुवाच्यता नाहीं. उंचीनें पुरेसें पण पोटांत बुजलेलें अक्षर नियम पाळूनही वाचकाच्या उपयोगीं पडत नाहीं. तेव्हां पाटी करवून घेणाऱ्यानें तिचा नमुना आधीं रस्त्याच्या पलीकडून वाचून पाहावा, आणि छ, त्र व भ ओळखूं येत नसतील तर जाडी एका पायरीनें उतरवावी.