फार्मर, ग्रॅहॅम व्हिव्हियन

फार्मर, ग्रॅहॅम व्हिव्हियन : (१० मार्च १९३५–१४ ऑगस्ट २०१९). ऑस्ट्रेलियन नियमांनुसार खेळल्या जाणाऱ्या फुटबॉलमधील एक श्रेष्ठ खेळाडू व त्या खेळाच्या तंत्राला वळण लावणारा प्रयोगशील क्रीडापटू. ‘पॉली’ फार्मर या नावानेच तो अधिक प्रसिद्ध आहे. पोपटासारख्या अखंड बडबडीमुळे हे नाव त्याला बालपणी मिळाले. त्याचा जन्म पश्चिम ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल येथे झाला. आई नूंगार या आदिवासी समाजातील होती. पर्थजवळील क्वीन्स पार्क येथे मिश्रवंशीय मुलांसाठी ‘सिस्टर केट्स’ हे अनाथगृह होते. तेथे त्याचे बालपण गेले. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे त्याचा एक पाय दुसऱ्याहून किंचित आखूड राहिला. पुढे ज्या कामासाठी त्याची ख्याती झाली, ते प्रामुख्याने उंच उडी मारण्याचे होते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

हा खेळ लंबवर्तुळाकार मैदानावर, प्रत्येकी अठरा खेळाडूंच्या दोन संघांत खेळतात. चेंडू फेकण्यास मनाई असते. तो पायाने मारावा लागतो किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसून सहकाऱ्याकडे द्यावा लागतो. या दुसऱ्या प्रकारास ‘हँडपास’ म्हणतात. त्या काळी पंचाने चेंडू जमिनीवर आपटून उसळविला, की दोन्ही संघांचे उंच खेळाडू तो आपल्या बाजूस वळविण्यासाठी झेपावत. या खेळाडूस ‘रक्मन’ व त्याच्या पायाशी चेंडू टिपण्यासाठी टपलेल्या चपळ खेळाडूस ‘रोव्हर’ अशी संज्ञा आहे. फार्मर हा रक्मन होता. प्रतिस्पर्ध्याच्या क्षणभर आधी उडी घेऊन तो त्याच्यावर वरचढ होई आणि चेंडू नुसता ढकलण्याऐवजी पुष्कळदा हवेतच पकडून, खाली येता येता दूरच्या सहकाऱ्याला हँडपास करी. तोवर हँडपास हा मुख्यतः अडचणीतून सुटण्याचा उपाय मानला जाई. फार्मरने त्याचे चढाईच्या साधनात रूपांतर केले. मोटारीच्या उघड्या खिडकीतून चेंडू नेमका आत टाकण्याचा सराव तो करीत असे, ही हकीकत प्रसिद्ध आहे.

ईस्ट पर्थ संघाकडून १९५३ ते १९६१ या काळात तो १७६ सामने खेळला. संघाने १९५६, १९५८ व १९५९ मध्ये अजिंक्यपद मिळविले. राज्यातील सर्वोत्कृष्ट खेळाडूस देण्यात येणारे सँडोव्हर पदक त्याने १९५६ व १९६० साली पटकाविले. १९५७ मध्ये समान गुण मिळूनही हुकलेले पदक त्याला १९९७ मध्ये पूर्वलक्षी प्रभावाने देण्यात आले. १९६१ च्या अंतिम सामन्यात मात्र स्वॉन डिस्ट्रिक्ट्स संघाने केवळ त्याला जखडून ठेवण्याची योजना आखून ईस्ट पर्थला हरविले. त्याच्याशी झुंजलेल्यांपैकी कीथ स्लेटर हा ऑस्ट्रेलियाकडून एक कसोटी क्रिकेट सामनाही खेळला होता.

१९६२ मध्ये फार्मर व्हिक्टोरिया राज्यातील जिलाँग संघात दाखल झाला. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि तो हंगाम जवळजवळ वाया गेला. पण पुढच्याच वर्षी जिलाँगने हॉथॉर्नचा १०९–६० असा पराभव करून अजिंक्यपद मिळविले. बिली गॉगिन या रोव्हरशी त्याचा मेळ इतका अचूक होता, की त्या जोडीचा खेळ पुढे नमुना ठरला. जिलाँगला यानंतरचे अजिंक्यपद थेट २००७ मध्ये लाभले. १९६५ ते १९६७ या काळात तो संघाचा कर्णधार होता. १९६७ च्या अंतिम सामन्यात जिलाँग रिचमंडकडून अवघ्या नऊ गुणांनी हरला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात झालेल्या सार्वमतापर्यंत देशाची लोकसंख्या मोजताना आदिवासींना न धरण्याची तरतूद ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत होती. अशा काळात एका आदिवासी खेळाडूने नामांकित संघाचे नेतृत्व करावे, ही गोष्ट क्रीडेतिहासापुरती मर्यादित राहत नाही.

पर्थला परतल्यावर वेस्ट पर्थ संघाचा कर्णधार व प्रशिक्षक या दुहेरी नात्याने त्याने १९६९ व १९७१ ची अजिंक्यपदे मिळवून दिली. दोन्ही वेळा पराभूत संघ त्याचा जुना ईस्ट पर्थच होता. तिन्ही संघांकडून तो एकूण ३५६ सामने खेळला. १९७१ मध्ये त्याला एम.बी.ई. हा किताब मिळाला. जिलाँगचा प्रशिक्षक (१९७३–७५) म्हणून त्याला फारसे यश आले नाही. मात्र ८ ऑक्टोबर १९७७ रोजी, खेळाडूंनी आपापल्या मूळ राज्याकडून खेळण्याच्या पहिल्या सामन्यात, त्याने तयार केलेल्या पश्चिम ऑस्ट्रेलियाने व्हिक्टोरियाला ९४ गुणांनी नमविले. एरव्ही उत्तम खेळाडू व्हिक्टोरियाकडे जात व तेथूनच खेळत. त्यामुळे या विजयाचे अप्रूप मोठे होते.

१९९६ मध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉल सन्मानदालनाच्या आद्य श्रेष्ठींत त्याची गणना झाली आणि २००५ मध्ये शतकातील सर्वोत्तम आदिवासी संघाचे कर्णधारपद त्याला देण्यात आले. पर्थमधील एका द्रुतगती मार्गास त्याचे नाव आहे. अखेरची अनेक वर्षे त्याला स्मृतिभ्रंशाने ग्रासले होते. मृत्यूनंतर केलेल्या तपासणीत त्याच्या मेंदूत, डोक्यावरील वारंवारच्या आघातांमुळे जडणारा दीर्घकालीन विकार प्रगत अवस्थेत आढळला. फेब्रुवारी २०२० मध्ये हा निष्कर्ष जाहीर झाला. ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या खेळाडूत या विकाराचे निदान होण्याची ती पहिलीच वेळ होती; त्यानंतर त्या खेळातील इतर काही दिवंगत खेळाडूंच्या मेंदूंतही तो आढळून आला.